रोलरजवळची जागा

आमच्या लाँड्रीत नव्या बाईला आधी दाराशी उभं करतात. ‘आमच्या’ म्हणतो खरा, पण इस्त्री मी कधी केली नाही. मी दाराच्या आतल्या अंगाला शिलाई मशीनवर बसतो. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांच्या कोटांचे लोंबणारे खिसे शिवतो. बायका मला मास्तर म्हणतात. मशीन चालू असली की मला अर्धं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा पुढे सांगतो त्यात काही निसटलं असेल तर ते त्यामुळे, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात आहे. लांबट, उंच छताची एकच खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बॉयलरची भिंत. दारापाशी हाताच्या इस्त्र्या आणि लहान कपडे, म्हणजे उशांचे अभ्रे आणि मुलांच्या वॉर्डातल्या छोट्या चादरी. त्याच्या आत मधली टेबलं. तिथे लहानथोर सगळ्या पेशंटांचे सदरे नि पायजमे. आणि सगळ्यात आत, भिंतीला लागून, रोलर. आडवं निजवलेलं, आतून वाफेने तापणारं लांबच लांब लोखंडी पिंप समजा. एका बाजूने दोघींनी मोठ्या चादरी ओल्या घालायच्या आणि पलीकडून दोघींनी त्या कोरड्या, कडक होऊन आल्या की धरून घड्या घालायच्या. हिवाळ्यात रोलरवरच्या बायकांचा सगळ्यांना हेवा वाटतो. उन्हाळ्यात तिकडे बघवत नाही. तिथल्या भिंतीवर पूर्वी एक तापमापक होता, तो एका बाईने काढून कपाटात टाकला. “बघून काय करायचंय? आपण बघितलं म्हणून तो उतरणारे का?” असं तिचं म्हणणं. तिला सगळ्या रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही.

दाराशी उभं राहायची पद्धत थोरलीने, म्हणजे रोलरवरच्या सगळ्यात जुन्या बाईने, घातली. हॉस्पिटलच्या नियमांत ती कुठे लिहिलेली नाही. खूप पूर्वी एक नवी बाई पहिल्याच दिवशी रोलरवर गेली आणि दुपारी आडवी झाली. वाचली, पण पुन्हा आली नाही. तेव्हापासून थोरलीचं म्हणणं, अंगाला उन्हाळा एकदम गिळायला लावायचा नाही, घासाघासाने द्यायचा. नवी बाई दाराशी सुरुवात करते, तिथे अंगणातला वारा येतो. मग हळूहळू एकेक टेबल आत सरकते.

पहिले काही दिवस त्या बाईचे हाल बघवत नाहीत. तोंड लालबुंद, छातीत धडधड, संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावत नाहीत. घाम उशिरा सुटतो, आणि सुटतो तो खारट. जेवणाच्या सुट्टीत बायका अंगणात सावलीला बसल्या की कपडे वाळतात आणि नवीच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटते. जुन्यांच्या पाठीवर ती नसते, असली तरी पुसट. त्यांचा घाम लवकर सुटतो, भरपूर सुटतो आणि पाण्यासारखा पातळ असतो. अंग मीठ धरून ठेवायला शिकलेलं असतं. थोरली रोज सुट्टीत नवीला पाठमोरी उभी करून बघायची. रेघ पुसट झाली की म्हणायची, “सरक आत.” अंग जसं शिकतं तसं विसरतंही, म्हणून लांब रजेवरून आलेल्या जुन्या बाईलाही परत दाराशीच यावं लागतं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. रेडिओ बाळंतपणाहून परत आली तेव्हा दाराशी उभी राहून माझ्या शिलाईला नावं ठेवण्यात तिचा वेळ चांगला गेला.

थोरली आणि धाकटी या जावा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच घरात खाली-वर राहणारे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला लाँड्रीत आणलं आणि पद्धतीप्रमाणे माझ्या मशीनशेजारी दाराशी उभं केलं. पहिल्याच दिवशी तिने एका अभ्र्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग पाडला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. “मास्तर, यावर एक ठिगळ लावता का? ताईंना दाखवू नका.” मी लावलं. थोरलीने ते संध्याकाळच्या आत शोधून काढलं आणि आम्हा दोघांनाही झापलं. धाकटी मान खाली घालून ऐकत होती आणि खाली बघून हसत होती. थोरलीलाही ते दिसलं असावं, कारण ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “जा आता, तोंड धू.”

थोरलीला मूल झालं नाही. धाकटीला मुलगी झाली. तिचं शाळेतलं नाव काही वेगळं होतं, पण घरात आणि लाँड्रीत ती ठकी. एकीच्या पोटची आणि दुसरीच्या कडेवरची. थोरलीला ती मोठी आई म्हणायची आणि आईपेक्षा तिलाच जास्त भ्यायची. शाळा सुटली की लाँड्रीत यायची आणि माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांची गाठोडी बांधायची. मी कापड ओढलं की खालून ओरडायची, “मास्तर, माझं बाळ शिवू नका.”

थंडी सरत आली तेव्हा तिला ताप आला आणि तो उतरेना. वरच्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डात तिला ठेवलं. तो वॉर्ड यंत्राने गार ठेवतात. धाकटी रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होती. खाली अंगणात ऊन कडक झालं, आम्ही घामाने निथळू लागलो, आणि ती वर शाल पांघरून बसलेली. थोरली रोज काम संपलं की वर जायची आणि आल्यावर सांगायची, “हात बर्फासारखे झालेत धाकटीचे.” मुलांच्या वॉर्डातल्या चादरींवर निळी बदकं छापलेली असतात. ठकीच्या खाटेवरची चादर थोरली रोलर सोडून दाराशी येऊन स्वतःच्या हाताने करायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

ठकी गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही, आणि जे येईल ते बरोबर असेलच असं नाही.

त्यानंतर धाकटी घरात आतल्या खोलीत पडून होती. उन्हाळा चढत गेला. एके दिवशी सुट्टीत तिचा नवरा लाँड्रीच्या अंगणात आला. गडी उंचापुरा, पण दारात असा उभा राहिला की आपण दाराला अडचण होतोय असं त्याला वाटत असावं. “वहिनी,” तो म्हणाला, “मी कामावर गेलो की ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून असते. संध्याकाळी येतो तर सकाळचं ताट तसंच. तुम्ही न्या तिला इकडे. तुमचं ऐकेल.”

“माझं तरी कुठे ऐकते, भावजी,” थोरली म्हणाली. “मी वर जाऊन बसते तर माझ्याकडेही पाठ करते.” मग म्हणाली, “आणते. चार बायकांत उभी राहिली तर जगेल. अशीच पडून राहिली तर हीही जाईल.”

तो गेल्यावर थोरली कितीतरी वेळ डब्याचं झाकण लावत होती. एक गेली, दुसरीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मला काय कळतं म्हणा, पण त्या दिवसांत तिच्याकडे बघून कोणालाही ते कळलं असतं.

धाकटी आली. अंगावरचे कपडे दुसऱ्या कोणाचे वाटावेत इतकी वाळली होती. थोरलीने तिला माझ्याशेजारी दाराशी उभं केलं आणि मुलांच्या चादरी आधीच वेगळ्या काढून तिच्यापुढे नुसते अभ्रे ठेवले. पण वरून कपड्यांची गाडी आली. गाडी ढकलणाऱ्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने रोजच्यासारखा गठ्ठा तिच्या टेबलावर उपडा केला. वर निळं बदक.

धाकटीने ती चादर घेतली, नीट इस्त्री केली, चार घड्या घातल्या आणि तिच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. इस्त्री गार झाली असेल इतका वेळ. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि चालत रोलरपर्यंत गेली. बायकांचं बोलणं थांबलं, मीही मशीन थांबवली.

“ताई, मला रोलरवर घ्या.”

“वेडी आहेस का? इतक्या दिवसांनी येतेयस.”

“दाराशी चादरी येतात. मधल्या टेबलांवर त्यांचे सदरे. इथेच तेवढं सगळं मोठ्यांचं असतं.”

“मी गाडीवाल्याला सांगते.”

“तुम्ही किती जणांना सांगणार?” धाकटी म्हणाली. “आणि दारातून सारखं कोणीतरी येतं, माझ्याकडे बघतं. इथे कोणी बघत नाही. सगळ्यांचीच तोंडं ओली असतात.”

रेडिओ बोलली. “घे गं तिला. जुनी आहे ती. एवढे उन्हाळे काढलेत इथे, अंग काय असं विसरतं?”

“विसरतं.”

“मग ठेव दाराशी. बदकं मोजून मोजून मरू दे.”

रेडिओच्या तोंडून ते निघून गेलं आणि तिलाच ते लागलं. ती वळून उगाच चादरी सारख्या करू लागली. थोरली धाकटीकडे बघत होती. ठकी गेल्यापासून धाकटीने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा. हे पहिलंच मागणं होतं. मला वाटतं, थोरलीला नाही म्हणता आलं नाही ते त्यामुळे.

“सुट्टीपर्यंत,” ती म्हणाली. “सुट्टीत पाठ बघणार मी. रेघ दिसली तर मुकाट्याने दाराशी. मग बदकं असोत नाहीतर हत्ती असोत.”

“बरं.”

“आणि पाणी मी सांगेन तेव्हा प्यायचं.”

“बरं म्हटलं ना, ताई.”

सुट्टीत सगळ्या अंगणात आल्या. थोरलीने धाकटीला खांद्याला धरून फिरवलं आणि पाठ उन्हाकडे केली. कपडा वाळला होता. रेघ नव्हती. पुसटसुद्धा नव्हती. थोरलीने बोट फिरवून बघितलं, मग धाकटीच्या मानेवरचा घाम बोटावर घेऊन जिभेला लावला. नव्या बाईच्या बाबतीत शंका आली की ती असं करायची. चेहऱ्यावर आधी नवल, मग कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झाल्यासारखं. “पाणी आहे नुसतं,” ती म्हणाली.

“मी काय सांगत होते?” रेडिओ म्हणाली. “पाठ बघ, नव्या वहीसारखी कोरी.”

“मास्तरांना द्या,” धाकटी म्हणाली. “रेघा मारतील मशीनने.”

फार मोठा विनोद नव्हता. पण सगळ्या इतक्या हसल्या की बॉयलरवाला बाहेर येऊन बघून गेला. थोरलीने हसता हसता डोळे पुसले. त्या संध्याकाळी तिने दिराला सांगितलं, “आज बोलली. थट्टा केली मास्तरांची.” तो वर आपल्या खोलीत न जाता तिथेच जिन्यावर बसला, असं ती मला दुसऱ्या दिवशी म्हणाली.

पुढचे काही दिवस असेच गेले. धाकटी रोलरवर, थोरली तिच्या समोर, चादरीच्या पलीकडे. सुट्टीत पाठ कोरी. डबा रोज रिकामा घरी जायचा. तो अंगणातल्या मांजरीने रिकामा केलेला असायचा, हे पुष्कळ नंतर कळलं.

मग तो दिवस आला. सकाळपासूनच दारातला वारा भट्टीचं तोंड उघडल्यासारखा येत होता. गाडीवाला हातांना फडकं गुंडाळून दांडी धरत होता. माझ्या मशीनचं लोखंड हाताला पोळत होतं आणि मी दारात बसलेला. आत काय असेल ते मी फक्त बायकांच्या चेहऱ्यांवरून ओळखत होतो. त्या एकेकट्या बाहेर येऊन हौदातलं पाणी डोक्यावर ओतून घेत आणि परत जात. धाकटीलाही थोरलीने दोनदा पाठवलं. दुसऱ्या वेळी ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “मास्तर, आज गार आहे नाही?” मी म्हटलं, “तुझी थट्टा कळते हं मला.” ती हसली नाही. मला वाटलं, मी फार बोललो. तेवढ्यात थोरलीने तिला हाक मारली आणि ती गेली.

दुपार उतरायला लागली तेव्हा रोलरवरचं बोलणं बंद पडलेलं मला जाणवलं. मी मान वर केली. रोलरमधून आलेली मोठी चादर दोघींनी धरून घडी घालायची असते. धाकटीने ती जोडीदारणीच्या हातातून ओढून घेतली होती आणि एकटीच घड्या घालत होती. घडीवर घडी. मोठी चादर छोट्या चादरीएवढी झाली, तरी तिचं चालूच.

“काय गं?” थोरली म्हणाली.

“हिच्या मापाची करते.”

सगळ्यांनी ऐकलं. रोलर फिरत होता, त्यात चादर नव्हती. धाकटीने ती घडी छातीशी धरली आणि तिच्याशी बोलू लागली. अगदी साधं. “आले हं. हलू नकोस. गाठ पडलीये केसांत, थांब जरा. झालंच.” एका हाताची बोटं ती हळूहळू हवेतून खाली ओढत होती.

रेडिओने तोंडावर हात ठेवला. मधल्या टेबलावरच्या दोघीतिघी रडू लागल्या. कोणी पुढे झालं नाही. अशा वेळी मध्ये जाऊ नये, असं सगळ्यांनाच वाटलं. इतके दिवस कोंडलेलं बाहेर येतंय, येऊ दे. कोणीतरी कुजबुजलंही, “रडू दे तिला. मोकळी होईल.” आणि ते चुकीचं होतं असं कोणाला वाटावं तरी कसं? दुःखात माणूस असंच करतं. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी तसं केलेलं आहे.

थोरलीही रडत होती. चादरीच्या पलीकडे उभी राहून, धाकटीवरची नजर न काढता. आणि मग तिचा चेहरा बदलला.

“रडत नाहीये ती,” थोरली म्हणाली. मग मोठ्याने, “अगं, रडत नाहीये ती!”

त्या वाफेत सगळ्यांची तोंडं निथळत होती. एकट्या धाकटीचं तोंड कोरडं होतं. विटेसारखं लाल आणि कोरडं. थोरली रोलरला वळसा घालून धावली, तिच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बॉयलरवाल्याला हाक मारून तिने वाफ बंद करायला सांगितली. त्याच क्षणी धाकटीचे गुडघे गेले.

पुढचं सगळं फार भरभर झालं. मोठी चादर जमिनीवर पसरली, धाकटीला तिच्यावर घेतलं, चार बायकांनी चार टोकं धरली आणि तिला उचलून खळबळायच्या हौदाकडे नेलं. आमच्याकडे गार पाणी भरपूर असतं, तेवढी एक गोष्ट बरी. तिला कपड्यांसकट हौदात उतरवलं. थोरली तिच्यामागे पाण्यात उतरली आणि तिचं डोकं छातीशी धरून बसली. रेडिओ पळत जाऊन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून बर्फ घेऊन आली. मी धुतलेल्या चादरी पाण्यात बुडवून देत होतो, त्या बायका तिच्यावर टाकत होत्या. धाकटी झगडत होती. “सोडा,” म्हणत होती. “सोडा मला, ती जातेय.” तिच्या नखांनी थोरलीच्या गालावर ओरखडे उठले. थोरलीने सोडलं नाही. शेवटी धाकटीच सैल पडली, आणि वरून माणसं स्ट्रेचर घेऊन आली.

ती वाचली. पाण्यात घातलं म्हणून वाचली, नाहीतर जिन्यापर्यंतही पोचली नसती, असं वॉर्डातली तरुण डॉक्टरीण म्हणाली. थोरलीने तिला पाठीवरच्या रेघेचं सांगितलं. रेघ नव्हती, मी रोज बघत होते, मग असं कसं झालं? डॉक्टरणीने विचारलं, ती जेवत होती का? थोरलीने डबा रिकामा यायचा असं सांगितलं. डॉक्टरणीने खाटेवरच्या मनगटांकडे बघितलं. मग समजावून सांगितलं. माझ्या ध्यानात राहिलं ते असं, की सरावलेलं अंग मीठ धरून ठेवतं तसं उपाशी अंगही धरून ठेवतं. पोटात मीठ जातच नसेल तर घामात येणार कुठून? वरून बघणाऱ्याला दोन्ही पाठी सारख्याच कोऱ्या दिसतात. मी हे नीट मांडलंय की नाही कोण जाणे. थोरलीने मात्र तिच्यापुरतं समजून घेतलं. “म्हणजे हिच्यात काही उरलंच नव्हतं,” ती म्हणाली. “आणि मी म्हणत होते, पक्की झालीये.”

शुद्ध आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी धाकटी बोलली. मी तेव्हा तिथेच होतो. सगळ्यांनी मिळून फळं दिली होती, ती पोचवायला गेलो होतो आणि पिशवी कुठे ठेवावी ते न कळून भिंतीशी उभा होतो. वॉर्ड गार होता. थोरली खाटेशेजारी बसलेली.

“ती आली होती,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझ्या हातात तिचे केस होते. ओले होते, न्हाल्यावर असतात तसे. तुम्ही पाणी ओतलंत.”

थोरलीच्या गालावरचे ओरखडे अजून ताजे होते. धाकटीच्या खांद्यावरून घसरलेली चादर तिने वर ओढली. धाकटीने ती खाली केली. थोरलीने पुन्हा वर ओढली. मग धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.

एकदा असा उष्माघात झाला की त्या अंगाला पुढे उन्हाळा सोसत नाही, निदान बरीच वर्षं तरी नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. लाँड्रीचं तर नावच नको. धाकटीच्या नवऱ्याने उंचावरच्या एका थंड गावात काम शोधलं. जायच्या दिवशी थोरलीने त्यांचं सगळं सामान बांधून दिलं. ठकीचे कपडे कोणी न्यायचे यावरून दोघींत काही बोलणं झालं नाही. धाकटीने ते सगळे नेले. बसमध्ये चढताना ती म्हणाली, “ताई, येते.” नवऱ्याने सांगितलं म्हणून म्हणाली की आपणहून, ते थोरलीला कळलं नाही. ती मला विचारत होती. मी तिथे नव्हतो, मी काय सांगणार?

आता थोरली नव्या बाईची पाठ बघतेच, पण आधी तिच्यासमोर डबा उघडून बसते आणि तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत उठत नाही. नव्या बायकांना याचा राग येतो. रेडिओ त्यांना गप्प करते. हल्ली ती पूर्वीपेक्षा कमी बोलते, म्हणजे इतर माणसांइतकी.

दीर फोन करतो. धाकटी बरी आहे, जेवते, शेजारच्या बायकांत बसते. फोनवर ती येत नाही. थोरली दर वेळी विचारते, “आहे का जवळ?” तो म्हणतो, “आत्ताच बाहेर गेली, वहिनी.” दर वेळी आत्ताच.

परवा काम संपल्यावर थोरली माझ्या मशीनपाशी येऊन बसली. रोलर बंद झाला होता तरी आतून उष्ण वास येत होता. ती कितीतरी वेळ गळ्यातलं फडकं पिळत राहिली.

“मास्तर, तुम्ही एवढं वाचता,” ती म्हणाली. “एक सांगा. तिला आणखी थोडा वेळ तिथे राहू द्यायला हवं होतं का?”

“थोडा वेळ म्हणजे ती मेली असती.”

“ते माहीतच आहे हो. तरी विचारते.”

मी वाचतो ते खरं, पण त्यातलं वेळेवर काही आठवत नाही. मी नुसती मान हलवली, ती हो अशी हलली की नाही अशी, कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती आत बघत होती, रोलरच्या बाजूला.

“त्या दिवसानंतर मी तिच्या जागेवरून हललेली नाही,” ती म्हणाली. “कितीही तापू दे, दुसऱ्या कोणाला उभं राहू देत नाही. दुपारी सगळ्या हौदावर जातात तेव्हा मी एकटीच असते. कधी कधी पाणीही पीत नाही मुद्दाम.”

“असं करू नका,” मी म्हटलं.

“काही होत नाही मला.” तिने कपाळावर हात फिरवला. तो निथळत होता. “भराभर घाम सुटतो आणि अंग गार पडतं. मला नाही दिसत ठकी. सवय झालीये ना मला.”

मग तिने फडकं झटकलं, गळ्याभोवती टाकलं आणि ती घरी गेली.